स्वयंपाकघरापर्यंत पोचणारी प्रार्थना

ताई,

तुमच्या शोकसभेत तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मला दोनदा वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच बाईच्या सभेला येऊन बसलोय. शांत म्हणाले. सोशिक म्हणाले. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई तर तुम्हाला मृदुभाषी म्हणाल्या. तेव्हा इतका वेळ जमिनीकडे बघत बसलेल्या भाऊजींनी मान वर केली आणि एकदा त्यांच्याकडे, एकदा तुमच्या फोटोकडे पाहिलं. तुमच्या नवऱ्यानं त्या दिवसात तेवढीच काय ती कशाची दखल घेतली.

मलाही बोला म्हणाले होते. मी नको म्हटलं. एकतीस वर्षं आपण जावाजावा म्हणून एका घरात काढली, त्यातली निम्मी भांडण्यात. ते सगळं माइकवर काय सांगणार? शिवाय माझ्या डोक्यात तेव्हा वेगळंच चालू होतं. नाताळ नऊ दिवसांवर आला होता, आणि जाताना जे काम तुम्ही माझ्या गळ्यात टाकलं होतंत ते करायचं की नाही, हे माझं ठरत नव्हतं.

आपल्या घरची ती रीत सासूबाईंपासूनची. खडकीच्या क्वार्टर्समध्ये घर होतं तेव्हा सासऱ्यांना कारखान्यात नेमकी नाताळला पाळी लागायची. घरचा पुरुष नाही म्हणून प्रार्थना थांबवायची का, असं म्हणून सासूबाई स्वतःच बसल्या, आणि पुढे सासरे रिटायर होऊन घरी आले तरी त्यांनी जागा सोडली नाही. नाताळच्या सकाळी चर्चच्या देवळातून आल्यावर, फराळाचे डबे उघडायच्या आधी, घरातल्या थोरल्या बाईनं बसायचं. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्या माणसाबद्दल देवाचा एक उपकार मानायचा. मागायचं काही नाही. मागायला अख्खं वर्ष पडलंय, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांच्यानंतर तुम्ही बसलात. आणि यंदा, तुमच्या मते, मी.

मी म्हणजे कोण, तर विश्रांतवाडीच्या बौद्ध घरातली मुलगी, तुमच्या दिरानं रजिस्टर लग्न करून आणलेली, आणि आजतागायत बाप्तिस्मा न घेतलेली. लग्नानंतर चर्चच्या मंडळीतल्या बायका आलटूनपालटून चौकशीला यायच्या, धाकट्या सुनेचा बाप्तिस्मा कधी? तुम्ही त्यांना चहा द्यायचात आणि सांगायचात, "तिनं नवरा केलाय. बाकीचं तिचं ती बघेल." वैशाखी पौर्णिमेला तुम्ही खिरीचं पातेलं घेऊन माझ्या माहेरी जायचात. माझे वडील फार कडक, कोणाचं कौतुक करणं त्यांच्या जिवावर यायचं. तेसुद्धा म्हणाले होते, "तुझी जाऊ बरी आहे. आपल्याला सुधारायला येत नाही."

एकतीस वर्षांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. पहिली दहा वर्षं मला त्याचं बरं वाटायचं. नंतर नंतर, आता सांगायला हरकत नाही, थोडा राग यायला लागला. सगळ्या जगासाठी प्रार्थना करणारी बाई मलाच का विचारत नाही? हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्ही काय उत्तर दिलं असतंत तेही मला ठाऊक नाही.

पूर्वी मी प्रार्थनेला बसायचे. डोळे मिटायचे, आमेन म्हणायचे, माझं काही बिघडत नव्हतं. ते मोडलं सुधीर गेला त्या वर्षी. सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात माझा नवरा ऑफिसातून येताना बसस्टॉपवर कोसळला आणि तिथेच गेला. त्याच्यानंतर दीड महिन्यानं नाताळ. मला वाटलं होतं, यंदा तरी तुम्ही थांबाल. तुम्ही बसलात. भाऊजींचं नाव घेतलंत, तुमच्या लेकीचं, अश्विनीचं घेतलंत, माझं घेतलंत, आणि मग म्हणालात, "सुधीर आम्हाला दिलास, त्याबद्दल तुझे उपकार मानते."

मी डोळे उघडले. "कसले उपकार?" मी विचारलं. भर प्रार्थनेत, मोठ्यानं. "कोणाचे उपकार? ज्यानं नेला त्याचे?"

तुम्ही डोळे उघडले नाहीत. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तेव्हापासून प्रार्थनेच्या वेळी माझी जागा ओट्यापाशी ठरली. रोज संध्याकाळी तुम्ही तिघं बाहेर बायबलचा अध्याय वाचायला बसलात की मी आत कणीक मळायचे. डिसेंबरात करंज्या भरायचे. कोणी मला बोलावलं नाही, तुम्हीही नाही. फक्त तुमचा आवाज चढला. एकदा मी न राहवून विचारलं, "ताई, तुमचा देव बहिरा झालाय का हल्ली? केवढ्यानं ओरडता!" तुम्ही म्हणालात, "देवाला ऐकू येतं. स्वयंपाकघर लांब आहे."

दर नाताळला त्या यादीत सुधीरचं नाव यायचं. ते येणार असा अंदाज आला की मी नळ सोडायचे.

मग या वर्षीचा ऑगस्ट. तुमच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता आणि डॉक्टर नुसतं म्हणाले होते, "बहुतेक काही निघणार नाही." बहुतेक! तेवढ्या शब्दावर तुम्ही घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवलीत. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, पाळकसाहेब आणि मंडळीतली चाळीस माणसं. मी म्हटलं, अहो, रिपोर्ट तर येऊ द्या. आभार काय पळून चाललेत? तुम्ही माझ्या हातात सामोशांची ऑर्डर लिहिलेला कागद ठेवलात.

शुक्रवारी रिपोर्ट आला. जे निघायचं नव्हतं ते निघालं होतं. भाऊजी गॅलरीत जाऊन उभे राहिले. अश्विनी वाघोलीच्या ऑफिसातून रिक्षानं रडत आली. मी फोन हातात घेतला आणि विचारलं, "कोणाकोणाला कळवायचं? नावं सांगा, मी रद्द करते." तुम्ही म्हणालात, "लोकांना शनिवारचं सांगितलंय."

"कशाबद्दल उपकार मानणार आहात आता?"

"ते बघते मी. तू चटणीचं बघ."

त्या शनिवारी पाळकसाहेबांची जी अवस्था झाली ती मी दारातून पाहिली. ते बरं झाल्याबद्दलचं वचन काढून आले होते. दारातच त्यांना कळलं, आणि मग बिचारे पानं उलटत बसले, उलटत बसले. शेवटी तुम्हीच उभ्या राहिलात. साडी चापूनचोपून नेसलेली, खांद्यावर पदर. म्हणालात, "काल रिपोर्ट आलाय, चांगला नाही. मी आगाऊ बोलावलं ही माझी चूक. पण काल दुपारपर्यंत मी देवाचे उपकार मानत होते आणि तो देव कालचाच आहे. तर तेवढं करू, मग चहा घेऊ."  मग कोणीतरी गाणं सुरू केलं आणि सगळ्यांची सुटका झाली.

मला तुमचा इतका संताप आला होता, ताई. वाटलं, ही बाई स्वतःला फसवतेय आणि वर चाळीस जणांना सामोसे खाऊ घालतेय. भांडी घासताना मी तुम्हाला म्हटलंही, "तुमचं लक्ष कुठे असतं हो? इथे रिपोर्ट पडलाय समोर." तुम्ही ताटल्या पुसत म्हणालात, "रिपोर्टवर लक्ष ठेवायला डॉक्टर आहेत की. सगळ्यांनीच तिकडे बघून कसं चालेल?" मला हे उत्तर अजिबात पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण पुढचे चार महिने तुम्ही ते पाळलंत, हे मी बघितलं. उलट्या व्हायच्या, मग चूळ भरून अध्याय. केस गेले, तर डोक्याला स्कार्फ बांधून अध्याय. एक दिवस वाचता येईना, तर भाऊजींकडून वाचून घेतलात आणि उच्चार चुकला म्हणून त्यांना पुन्हा वाचायला लावलंत. मृदुभाषी म्हणे!

आणि एकदा रडलात. ऑक्टोबरात, दुपारी, बाथरूमचं दार लावून. मी बाहेर उभी होते. तुम्ही बाहेर आलात, मला पाहिलंत आणि म्हणालात, "काय आहे? रडायला बंदी आहे का?" मी म्हटलं, "नाही, पण इतकी श्रद्धा आहे, मग..." तुम्ही म्हणालात, "श्रद्धा आहे म्हणून दुखत नाही असं कोणी सांगितलं तुला? मूर्खच आहेस." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई फसवत बिसवत नाही. तिला सगळं दिसतंय.

डिसेंबरातल्या त्या पहिल्या शनिवारी हॉस्पिटलमध्ये मी तुमच्यासाठी संत्रं सोलत होते. तुम्हाला खायचं नव्हतं, मला हाताला काम हवं होतं. तुम्ही म्हणालात, "नंदा, नाताळची प्रार्थना तू कर."

मी म्हटलं, "औषधानं भ्रम होतोय तुम्हाला."

"थोरली तू आता."

"अहो, बाप्तिस्मासुद्धा नाही माझा. पाळकसाहेबांना कळलं तर काय म्हणतील?"

"पाळकसाहेबांना फराळाला बोलावलेलं नाही."

"अश्विनीला सांगा. ती मंडळीत बोलते, छान बोलते."

"छान बोलते, म्हणूनच नको. मला छान बोलणारं माणूस नकोय तिथे."

"मग मी काय खोटं बोलू देवाशी? मला तो आहे की नाही हेच माहीत नाही."

"खरं बोल. तेवढ्यासाठीच तुला सांगतेय."

मग नर्स सलाईन बदलायला आली. मी संत्र्याची सालं घेऊन बाहेर गेले. परत आले तर तुम्ही झोपला होतात. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. वाटलं, उद्या सविस्तर भांडू. मंगळवारी तुम्ही गेलात.

खडकीच्या दफनभूमीत माती देऊन आल्यावर भाऊजींनी पहिली गोष्ट काय केली, सांगू? तुम्ही अध्याय वाचायचात ते टेबलावरचं शास्त्र उचललं, कपाटात ठेवलं आणि कपाट लावलं. तीस वर्षं मंडळीचे पंच राहिलेला माणूस. रविवारी देवळात गेले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. पाळकसाहेब भेटायला आले तर भाऊजी त्यांच्याशी पाणीकपातीबद्दल बोलले. कॅरोलवाली मुलं दारावरून जाताना ढोलकी थांबवून पाय न वाजवता गेली, ते मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दुःखाचं घर म्हणून आपण कढई चढवली नव्हती. शेजारपाजाऱ्यांनीच करंज्या, डोनट, चकल्या आणून दिल्या. इतकं आलं, की तुम्ही असता तर कोणाचं मोहन कमी पडलंय ते नावानिशी सांगितलं असतंत.

नाताळच्या आदल्या दिवशी जेवताना भाऊजी म्हणाले, "उद्याची प्रार्थना नको." अश्विनीनं माझ्याकडे बघितलं. तिला तुमचं हॉस्पिटलातलं बोलणं मी सांगितलं होतं.

ताई, मला सुटका मिळाली होती. घरातल्या कर्त्या माणसानंच नको म्हटलं होतं. मी गप्प बसले असते तर ती रीत त्याच जेवणावर संपली असती आणि कोणी मला बोल लावला नसता. पण मी त्यांच्या पानाकडे पाहिलं. अर्धी पोळी, भाजीला हात नाही. मनात आलं, तुम्ही गेलात ते गेलात, आता हा माणूस ज्याच्याकडे बघून आजवर चालला तेही याच्यापुढून उचलून न्यायचं का? माझं सोडा, मला सवय आहे. यांना नाही.

"प्रार्थना होईल," मी म्हटलं. "मी करणार आहे."

भाऊजींनी घास खाली ठेवला. "तुम्ही?"

"ताईंनी सांगितलंय."

"तुमचा विश्वास नाही."

"नाही. तुमचाही सध्या दिसत नाही. म्हणून काय झालं?"

अश्विनी म्हणाली, "काकू, सिरीयसली?" भाऊजी उठून हात धुवायला गेले. 

नाताळच्या सकाळी मी आणि अश्विनी देवळात जाऊन आलो. लोकांनी हात हातात घेतले, नाताळ सुखाचा म्हणावं की नाही या पेचात पडले. घरी आलो तर भाऊजी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसलेले. पेपर उघडलेला. मी तुमच्या जागेवर बसले. पेपराची घडी झाली नाही, पण पानही उलटलं नाही.

मी डोळे मिटले, आणि काही सुचेना. तुमचे सगळे शब्द मला पाठ होते, सहा वर्षं भिंतीआडून ऐकलेले. ते म्हटले असते तर काम भागलं असतं. पण तुम्ही खरं बोल म्हणाला होतात.

"देवा," मी म्हटलं, "मी नंदा. आपली ओळख नाही. ताईंची होती. त्यांनी बसवलंय म्हणून बसलेय."

अश्विनीनं नाक ओढलं. मी पुढे गेले. अश्विनीला ऑफिसनं घरून काम करू दिलं आणि शेवटचे पंधरा दिवस ती आईपाशी राहिली, त्याबद्दल उपकार मानते. मग भाऊजींचं नाव घेतलं आणि अडले. या वर्षात त्या माणसाबद्दल कसले उपकार मानायचे? "भाऊजी तुझ्यावर रागावलेत," मी म्हटलं. "तरी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून इथे बसलेत. त्याबद्दल उपकार." आणि मग, तोंडातून निघून गेलं म्हणून सांगते, "मीही सहा वर्षं रागावले होते, ते तुला ठाऊक असेल." कोणाला ठाऊक असेल? हा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्याच पडला. मी तो तसाच ठेवला. नाव घ्यायचं राहिलं होतं.

मी त्याचं नाव घेतलं, ताई. सुधीर, म्हटलं. पंचवीस वर्षं दिलास, म्हटलं. रोज स्टॉपवरून फोन करायचा, काय आणू म्हणून, आणि नेहमी भलतंच घेऊन यायचा. उपकार मानते. शब्द म्हणून झाले. रागही गेला नाही तिथल्या तिथे, असं काही नसतं. फक्त त्याच्या शेजारी हेही बसलं.

मग तुमचं नाव घेतलं. मेलेल्यांसाठी काही मागायचं नसतं हे तुम्हीच मला शिकवलं होतंत, आणि मला मागायचंही नव्हतं. "ताई दिल्यास," म्हटलं. "माझ्या तोंडाला तोंड देणारी एकच बाई होती." मला तुमची आठवण येते. फार येते. संध्याकाळी कणीक मळताना घर इतकं गप्प असतं की हात थांबतात.

आता आमेन म्हणायचं, एवढ्यात पेपर वाजला. भाऊजी खुर्चीतून पुढे सरकले होते. डोळे उघडे, समोर बंद कपाट.

"प्रभू," ते म्हणाले. 

"तिनं शंकरपाळ्यांसाठी मैदा, तूप भरून ठेवलं होतं. ऑक्टोबरातच." त्यांनी पेपर खाली ठेवला. "नाताळपर्यंत तरी ठेवायची होतीस. सोळा दिवस. तुझं काय बिघडलं असतं सोळा दिवसांनी?"

 त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ही कसली प्रार्थना, असं मंडळीतलं कोणीही म्हणालं असतं. अश्विनी माझ्याकडे बघत होती. घरातली थोरली मी होते.

मी आमेन म्हटलं. मग अश्विनीनं. आणि जरा वेळानं, हातांच्या आडून, त्यांनी.